सिमचं घर नसलेला फोन घेऊन कोल्हापूरला

रत्नागिरीहून सकाळी सव्वासहाची कोल्हापूर गाडी धरली तेव्हा माझ्या पिशवीत तीन फोन होते. एक माझा, जुना, एकाच सिमचा. दुसरा यशवंतचा, बटणांचा. चार्जिंगची वायर एका ठरावीक कोनात धरून बसलं तरच तो जिवंत राहतो. तिसरा अमेरिकेहून आलेला, काचेचा, देखणा, आणि त्यात सिम घालायला जागाच नाही. इतकी यंत्रं घेऊन मी आयुष्यात कुठे गेले नव्हते. मी ग्रंथपाल होते. प्रवासाला निघताना माझ्या पिशवीत पुस्तक असायचं.

यशवंत म्हणजे माझा नवरा. भाद्रपदात तो गेला, आणि त्यानंतर मी काहीच लिहिलं नव्हतं. वाचनालयातल्या मैत्रिणी विचारत राहिल्या की एका फोनसाठी थेट कोल्हापूर कशाला गाठलंस, म्हणून हे लिहिते आहे. हात बसलेला नाही, तेव्हा सावकाश लिहिते आहे.

कारण सांगायला सोपं होतं. यशवंतचे वडील, म्हणजे आबा, पेठ वडगावला असतात. वय एकोणनव्वद. पूर्वी ते मुलाला रविवारी फोन करायचे. तो गेल्यापासून रोज संध्याकाळी साडेसहाला त्याच्या नंबरावर करू लागले. फोन उचलला की तीनच प्रश्न. चहा झाला का, पाऊस हाय का, औषध घेतलं का. रत्नागिरीत बाराही महिने पाऊस पडतो अशी त्यांची ठाम समजूत आहे. मी आवाज खाली घेऊन झाला, नाही, घेतलं, एवढंच म्हणायची आणि ते ‘बरं, ठेवतो’ म्हणून ठेवायचे.

आवाज खाली घ्यायचं कारण सुनंदा. ही आबांच्या पुतण्याची बायको. तीच त्यांचं सगळं बघते. तेराव्यानंतर तिनं मला परड्यात (घरामागच्या मोकळ्या जागेत) नेऊन सांगितलं होतं, “आक्का, आबास्नी यशवंतदादाच बोलतोय असं वाटतंय. दहाव्या दिवशी मला विचारलं, यशवंत कुठं गेलाय म्हणून. तुमी काय सांगू नगासा. नंबर तेवढा चालू ठेवा.”

नंबर तेवढा चालू ठेवायचा, एवढं एकच काम या दोन महिन्यांत मला कुणी दिलं होतं. ते मी करत होते. पण वीस दिवसांनी मला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जायचं होतं, मुलीच्या बाळंतपणाला. यशवंतचा तो जुना फोन तिकडच्या हवेत चालत नाही, असं मुक्तानं, म्हणजे मुलीनं, सांगितलं. ती वडिलांच्या दिवसांना आली होती तेव्हा स्वतःचा आधीचा फोन माझ्यासाठी ठेवून गेली. त्यात ई-सिम असतं म्हणे. म्हणजे चिप आतच बसवलेली. कंपनी आपला नंबर हवेतून त्यात उतरवते. बाबांचा नंबर त्यात घाल, इथली साडेसहाची वेळ म्हणजे तिकडची सकाळ, आजोबांशी चहा घेता घेता बोल, असं सगळं तिनं ठरवून टाकलं.

अडचण एकच होती, आणि ती तिनं विमानतळावरून संदेशात लिहिली. हा फोन तिनं हप्त्यांवर घेतला होता. असा फोन तिकडची कंपनी स्वतःच्याच नंबरांपुरता बांधून ठेवते आणि हप्ते फिटले की मोकळा करते. आपला फोन मोकळा केला होता की नाही, ते तिला आठवत नव्हतं. ‘दुकानात नुसतं चेक करून घे, आई, दोन मिनिटांचं काम आहे.’ नंबर फोनात उतरवला की जुनं सिम कायमचं मरतं. फोन बांधलेला निघाला तर नंबर ना इकडे, ना तिकडे. आणि साडेसहाला आबांना तो नंबर अस्तित्वातच नाही असं एक अनोळखी बाई सांगणार.

रत्नागिरीतल्या दुकानदारानं फोन उलटासुलटा केला आणि असली कामं कोल्हापूरलाच होतात म्हणून परत दिला. दोन मिनिटांच्या कामासाठी मी साडेचार तासांच्या गाडीत बसले.

साखरप्यापर्यंत गाडी शांत होती. आंबा घाट चढून वर आलो आणि मलकापूरला माणसं चढली. चढली म्हणजे आवाज आधी चढले, माणसं मागून. माझ्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ बसले आणि त्यांनी फोनवर एका म्हशीचा व्यवहार सुरू केला. बांबवड्यापर्यंत त्या म्हशीचं वय, वेत, शिंगांचा बाक आणि मूळ मालकाचा स्वभाव गाडीतल्या प्रत्येकाला कळला. फोनवर बोलणाऱ्याला फोनची गरज होती असं मला वाटलं नाही. पलीकडच्या गावात तसंही ऐकू गेलं असतं. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट मागून एकानं म्हशीची किंमत जास्त होते असं मत दिलं, आणि त्याचा विचारही झाला.

या मुलखाच्या आवाजाशी माझं जुनं वैर. यशवंत रत्नागिरीत हळू बोलायचा. माझ्याकडून शिकला, असं मी समजायची. पण गाडीनं हा घाट ओलांडला की त्याचा आवाज आपोआप वर जायचा, आणि परतताना साखरप्याला खाली यायचा. छत्तीस वर्षं मी त्याच्या शेजारी खिडकीकडे तोंड करून बसत आले, जणू हा माणूस माझ्याबरोबर नाहीच. या वेळी शेजारची जागा एका पोत्याला मिळाली होती.

वाघबीळच्या वळणावर जोतिबाचा डोंगर दिसतो. गाडीतले हात एकदम जुळले, म्हशीचा सौदाही तेवढा वेळ थांबला. खाली उसाचे फड तोडीला आले होते आणि गुऱ्हाळांचा गोड, जड वास खिडकीतून येत होता. हे सुंदर आहे, हे मी नाकारत नाही. त्यात राहणारी माणसं जरा हळू बोलती तर अधिक सुंदर झालं असतं.

अकराला कोल्हापूर. चौकाचौकात वाढदिवसाचे फलक. ज्या माणसानं अजून काहीच केलेलं नाही त्याचा फोटो इथे सर्वांत मोठा असतो. त्यातल्याच एकाच्या सावलीत, स्थानकाजवळच्या गल्लीत, मोबाइल दुरुस्तीचं पहिलं दुकान मला सापडलं. मालक रुंद, प्रसन्न, गळ्यात भिंग अडकवलेलं. मी प्रश्न नीट जुळवून गेले होते. या फोनात ई-सिम चालतं का, आणि हा तिकडच्या कंपनीनं बांधलेला आहे की मोकळा, एवढं मला पाहून हवं आहे. माझं वाक्य संपायच्या आत त्यांनी फोन घेतला, कडांवरून नख फिरवलं आणि निकाल दिला.

“मावशी, ह्याला सिमचं घरच न्हाय. डुप्लिकेट हाय ह्यो.”

हा अमेरिकेतला आहे, तिकडे आता असेच येतात, असं मी सांगितलं.

“अमेरिका असू दे न्हायतर कुटलं बी. बिनसिमचा फोन म्हंजे बिनपायडलची सायकल. घरात लावून ठेवायची, बगायची.”

ते एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण घर नाही हे त्यांना मनातून पटलेलं नव्हतं. सिमचा कप्पा उघडायची टाचणी घेऊन ते भोक शोधू लागले. चार्जिंगच्या खाचेशेजारी बारीक छिद्रांची रांग असते. त्यातलं एक त्यांना बरं वाटलं आणि त्यांनी टाचणी आत दाबली. मी त्यांचं मनगट धरलं. बासष्ट वर्षांत परक्या पुरुषाचं मनगट मी प्रथमच धरलं असेन. त्यांनी टाचणी काढली, छिद्राकडे भिंगातून पाहिलं आणि अजिबात न ओशाळता म्हणाले, “मायक दिसतोय त्यो. काय होत न्हाय.”

काय होत न्हाय. या शहराचं बोधवाक्य काही दुसरं असेल तर ते उगाच आहे.

दुसरं दुकान राजारामपुरीत, थंडगार आणि आरशासारखं. तिथला विक्रेता इतका गुळगुळीत बोलत होता की मला मघाच्या टाचणीवाल्याची आठवण आली. त्यानं फोन हातातही घेतला नाही. अमेरिकेतून आलेले सगळे फोन बांधलेलेच असतात, हजार टक्के, असं त्यानं सांगितलं, आणि माझ्यासारख्या ज्येष्ठांसाठी एक साधासोपा नवा फोन काढून पुढे ठेवला. न पाहता हे कसं कळलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, अनुभव. पहिल्यानं सगळं उघडून पाहिलं आणि चुकलं. दुसऱ्यानं काहीच न पाहता निर्णय दिला. ‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द दोघांनाही सुचले नाहीत. रस्ता विचारला तरी इथे तेच. ज्याला विचारावं तो हात उंच करून दिशा दाखवतो. आपल्याला माहीत नाही म्हणून पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवणं इथे अपमानाचं समजतात. चुकीच्या वाटेला लावलेलं चालतं.

मग यशवंतच्या नंबराच्या कंपनीचं मोठं दुकान. क्रमांकाचा कागद घेऊन तासभर बसल्यावर काउंटरवरच्या मुलीनं मला बोलावलं. पंचविशीची असेल, बोटं फार चपळ. नंबर माझ्या नावावर आधीच झाला होता; त्यासाठी मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढून मी थकले होते. ई-सिमच ना, करूया की, असं म्हणून तिनं यशवंतचा फोन घेतला. मी खाली वाकून, भिंतीतल्या प्लगशी, वायर कोनात धरून बसले. तिनं एक संदेश पाठवला. उलट संदेश आला. संमती असेल तर एक हा आकडा पाठवा. तिचा अंगठा एकच्या बटणावर होता.

मी खालूनच विचारलं, “फोन बांधलेला निघाला तर?”

“मग जुनं सिम बंद, नवीन चालू न्हाय,” ती सहज म्हणाली. “परत अर्ज करायचा, मॅडम. तीन-चार दिवस जातील.”

तीन-चार दिवस. म्हणजे तीन-चार साडेसहा. मी वायर सोडली. फोन मेला, तिचा अंगठा हवेत राहिला.

तिला राग आला असावा, पण या शहरात त्या दिवशी मला मिळालेलं पहिलं प्रामाणिक उत्तर तिनंच दिलं. फोनवर नंबर लावतो तसं स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबायचं. ईआयडी म्हणून एक लांबलचक आकडा दिसला तर ई-सिम चालतं. दाबलं. दिसला. “लॉकचं मात्र आमच्या कॉम्प्युटरला दिसत न्हाय,” ती म्हणाली. “ते फोनमधीच कुटंतरी असतंय. मला नक्की ठाव न्हाय.” मला तिचा हात हातात घ्यावासा वाटला. मागचे गृहस्थ मात्र “मावशी, आटपा की” म्हणत होते.

जवळच्या मिसळीच्या दुकानात बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मिसळ आली, पावाच्या लाद्यांऐवजी स्लाइस ब्रेड आला, आणि वाढणाऱ्यानं कट (तिखट, तेलाचा तवंग असलेला रस्सा) हवा का विचारलं. मी नको म्हटलं. त्यानं ओतला. या गावात नको हे उत्तर धरत नाहीत. डोळ्यांतून पाणी आलं, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याचं कारण कुणाला सांगावं लागणार नव्हतं.

डोळे पुसून मी फोन वाचायला घेतला. वाचायला, असंच म्हणते. सकाळपासून सगळ्यांनी त्याला दाबला, टोचला, नाकारला. वाचला कुणी नव्हता. नोकरीत नवीन पुस्तक आलं की मुखपृष्ठ सोडून मी आधी त्याचं मागचं पान उघडायची, जिथे प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती बारीक टायपात असतं. वाचक ते पान कधी बघत नाहीत. फोनलाही असं पान असणारच. सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अगदी वर अबाउट. उघडलं. नाव, मॉडेल, अनुक्रमांक. मी एकेक ओळ बोट ठेवून वाचत खाली गेले. मुक्ताची किती गाणी, किती फोटो होते त्याची संख्या, सगळी शून्यं. आणि जवळजवळ तळाशी ‘कॅरियर लॉक’, त्याच्यासमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’. कुठल्याही सिमला मज्जाव नाही. फोन मोकळा होता. माझ्या पिशवीत तो इतके दिवस मोकळाच होता.

मुक्ताला मी एवढंच लिहिलं, की दोन मिनिटांचं काम होतं.

साडेचारला पुन्हा त्याच मुलीसमोर. मी पुन्हा खाली वाकून वायर धरली. तिनं एकचा आकडा पाठवला, मग तिच्या पडद्यावर चौकोनी नक्षी आली, ती नव्या फोननं टिपली. यशवंतच्या फोनवरचे सिग्नलचे दांडे एकेक करून गेले. मी वायर तरी धरूनच होते. “मॅडम, आता सोडा,” ती म्हणाली. नवीन किती वेळात सुरू होईल असं विचारल्यावर ती म्हणाली, दहा मिनिटांत की.

आणि मी, जिनं दिवसभर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, ते ‘दहा मिनिटांत’ खरं मानलं. पाच वाजले. सव्वापाच झाले. फोनच्या कोपऱ्यात ‘नो सर्व्हिस’. कधी कधी दोन तासबी लागत्यात, मुलगी म्हणाली; हे मघाशी सांगण्यासारखं तिला वाटलं नव्हतं. मी हिशेब केला. साडेसहा अधेमधे येत होते. आबा फोन लावणार, आणि ती बाई बोलणार.

धावत जाऊन वडगावचं वडाप (खच्चून भरून जाणारी खासगी जीप) पकडलं. चौघांच्या जागेत सहावी मी. ड्रायव्हर दर थांब्याला मागे वळून “पावणं, सरका की” म्हणायचा, आणि सरकायला जागा उरली नसूनही सगळे सरकायचे. शिरोलीच्या पुलावर पंचगंगेवर ऊन कलतं होतं. मी ते पाहिलं नाही. मी पडद्याचा कोपरा पाहत होते. शेजारच्या बाईनं फोन नवीन हाय का विचारलं. मी हो म्हटलं. तिनं अनाहूत सांगितलं की बंद करून चालू करा, सुरू हुतंय. केला. झाला नाही. वाटेत सहा वाजले, मग साडेसहा वाजले, आणि आम्ही अजून वडगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे सरपटत होतो. त्या ट्रॅक्टरवर कर्ण्यातून गाणं लागलं होतं. ती पंधरा मिनिटं मी कुणाला क्षमा केली नाही.

पावणेसातला मी दारात पोचले. आबा सोप्यात (घराच्या पुढच्या खोलीत) खुर्चीवर बसले होते. मांडीवर मोठ्या बटणांचा फोन. मी काय सांगायचं ते वाटेत ठरवलं होतं. यशवंत बाहेरगावी आहे, रेंज नाही, काहीतरी. त्यांनी मान वर केली.

“ये. फोन बंद पडलाय न्हवं तुझा?”

मी उंबऱ्यातच उभी राहिले.

“दोनदा लावला. बंद हाय म्हणली बाई. म्हटलं, आता सुनंदाच्या मालकाला धाडावं रत्नागिरीला.”

“आबा,” मी म्हटलं, “कुणाला लावला होता?”

“तुला. आनि कुणाला?”

“नंबर यशवंतचा आहे.”

“व्हय की. तेवढाच पाठ हाय मला. आनि त्यो असताना तरी कुटं उचलत हुता? तूच उचलायचीस.”

सुनंदा हातात पातेलं घेऊन आतल्या दारात आली होती. ती काही म्हणायच्या आत आबा तिच्याकडे न बघता म्हणाले, “हिला काय बी वाटतंय.” मग माझ्याकडे वळून, जरा हळू, म्हणजे त्यांच्या मानानं हळू: “दहाव्याला विचारलंतं मी, खरं हाय. त्या दिवशी मला काय बी उमगत न्हवतं. तुला तरी उमगत हुतं का?”

मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले. मला एकच गोष्ट अजून बसत नव्हती, ती विचारली. मग रोज औषधाचं का विचारत होता?

“तुझं न्हाय का बीपी? यशवंताला आता कशाला औषध?”

आत पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

मग ते म्हणाले, “दोन महिनं तुझा आवाज लई बारीक येतोय. आडात पडल्यासारखा. म्हटलं खंगली ही. म्हणून रोज लावतोय. मला काय हौस हाय व्हय, रोज त्या घंट्या ऐकायची?”

दिवसभर मी या मुलखातल्या माणसांना मनातल्या मनात नावं ठेवत आले, की न पाहता, न विचारता, ठामपणे बोलतात. सुनंदाचं एक ठाम वाक्य मी मात्र दोन महिने तसंच धरून ठेवलं होतं. एका फोनची मी शेवटच्या ओळीपर्यंत तपासणी केली. या माणसाला एकदा विचारलं असतं तर पुरलं असतं. मी विचारलं नाही, आवाज खाली घेतला, आणि तो खालचा आवाज ऐकून एकोणनव्वद वर्षांचा माणूस रोज संध्याकाळी काळजी करत बसला.

माझा नंबर तुम्हाला लिहून देऊ का, असं मी विचारलं. ते चिडलेच. “ह्या वयात नवीन धा आकडं? ह्योच ऱ्हाऊ दे.”

सातच्या सुमाराला काचेच्या फोनच्या कोपऱ्यात दांडे उभे राहिले. मी सांगितलं, तर आबांना लगेच करून बघायचं होतं. एकेक आकडा मोठ्यानं म्हणत त्यांनी बटणं दाबली. माझ्या हातात फोन वाजला. आम्ही चार फुटांवर समोरासमोर बसलो होतो. मी उचलला.

“च्या झाला का?”

“अजून नाही,” मी म्हटलं.

त्यांनी फोन कानापासून काढून त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा लावला. “लांबनं येतोय आवाज. मोठ्यानं बोल की.”

टाचणी कुणाची ते मला ठाऊक होतं. काय होत न्हाय म्हणाला होता. मी श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांवर ओरडले, “अजून नाही झाला, आबा.” शेजारच्या सोप्यातलं कुत्रं भुंकलं. आबा म्हणाले, “आत्ता कसं. सुनंदा, च्या टाक हिला.”

दुसऱ्या दिवशी जेवून निघाले. दुखवट्याच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत. दोन महिने या घरातून आणि माझ्या घरातून माणसं न बोलता चपला घालून गेली होती. मीही चपला घातल्या आणि पायरी उतरले. मागून आवाज आला, “येते म्हण की.” मी वळून येते म्हटलं. ऐकू गेलं नाही, म्हणून परत म्हटलं.

कोल्हापूरहून रत्नागिरीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. मलकापूरला आवाज उतरले, माणसं मागून. घाटात दांडे एकेक करून गेले आणि मी पुस्तक उघडलं. ते कोल्हापूरच्या स्थानकावर घेतलं होतं. गाडी साखरप्याला थांबली तेव्हा अंधार पडत होता. इथे यशवंतचा आवाज खाली यायचा. आता गाडीत सगळे कोकणातले, हळू बोलणारे, मनातल्या मनात दुसऱ्यांना नावं ठेवणारे, म्हणजे माझेच.

साडेसहाला फोन वाजला.

“पाऊस हाय का?” आबांनी विचारलं.

बाहेर मार्गशीर्षातलं कोरडं आकाश होतं, ढगाचा ठिपका नाही. मी हळू आवाजात सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग मी पुस्तक मांडीवर उलटं ठेवलं, फोन तोंडाजवळ धरला आणि पाऊस नाही, औषध घेतलं, चहा पोचल्यावर घेईन, हे सगळं इतक्या मोठ्यानं सांगितलं की पुढच्या बाकावरच्या बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं.